आकडा सांगायची तारीख कोण ठरवणार?

१९८१चा एप्रिल महिना. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रात, म्हणजे अटलांटामधल्या सीडीसीत, एका बाईंकडे तसं कंटाळवाणंच काम होतं. बाजारात न मिळणारी आणि वर्षाकाठी थोड्याच रुग्णांना लागणारी काही औषधं सीडीसीकडे साठवलेली असत. देशभरातले डॉक्टर ती मागवत, बाई मागणी नोंदवून घेत आणि औषध रवाना करत. त्यातलंच एक पेंटामिडीन. न्यूमोसिस्टिस नावाच्या फुप्फुसाच्या विरळ आजारावर ते वापरत, आणि हा आजार व्हायचा तो प्रतिकारशक्ती पार ढासळलेल्यांना: कॅन्सरचे रुग्ण, अवयव रोपण झालेले. त्या सुमारास पेंटामिडीनची मागणी वाढली. रुग्ण तरुण पुरुष, पण त्यांची प्रतिकारशक्ती कशाने गेली हे डॉक्टरांनाही सांगता येईना. हे काहीतरी वेगळं आहे, हे बाईंच्या लक्षात आलं आणि त्यांनी ते वरिष्ठांच्या कानावर घातलं. तिकडे लॉस एंजेलिसमधले डॉक्टरही असेच रुग्ण पाहून चक्रावले होते. ५ जून १९८१ला त्यांचं पाच रुग्णांवरचं छोटंसं टिपण सीडीसीच्या साप्ताहिकात छापून आलं. पुढे ज्याला एड्स हे नाव पडलं, त्याची वैद्यकीय नियतकालिकातली ही पहिली नोंद.

अटलांटाच्या बाजूने पाहिलं तर या गोष्टीत सूक्ष्मदर्शक कुठेच नाही. आहे ती एक वही, ती रोज चाळणारं माणूस, त्या माणसाचं ऐकून घेणारा वरिष्ठ, आणि ठरल्या दिवशी निघणारं एक पातळ साप्ताहिक. राष्ट्रीय सार्वजनिक आरोग्य संशोधन संस्था हवी कशाला, अशी चर्चा निघाली की बोलणं वळतं प्रयोगशाळांकडे, लशींकडे, निधीकडे. या चार गोष्टींची आठवण क्वचितच निघते, आणि त्यातल्याही शेवटच्या गोष्टीची तर कुणालाच नको असते. माझं म्हणणं एवढंच आहे, की आपल्याला जे सापडलं ते ठरल्या तारखेला, मंत्रालयाला न विचारता छापण्याचा हक्क ज्या संस्थेला नाही, ती कितीही मोठी असली तरी मंत्रालयाची प्रयोगशाळाच. देशाची संशोधन संस्था म्हणून तिच्यावर विसंबता येत नाही.

आधी वहीबद्दल. तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे प्रत्येक साथीनंतर सगळे घोकतात आणि पुढची साथ येईपर्यंत विसरतात. साथ आली की नव्या संस्थेची घोषणा होते, कोनशिला बसते, फोटो निघतात. मोजणीचा फोटो निघत नाही. पण रोग नसतानाची, किंवा अगदी तुरळक असतानाची मोजणी हाताशी नसेल, तर रोग वाढला हे कळणार कशावरून?

ब्रिटनमधलं उदाहरण घेऊ. गायींच्या मेंदूची चाळण करणारा बीएसई हा रोग तिथे १९८६मध्ये ओळखला गेला. बीफ खायला धोका नाही, असं सरकार वर्षानुवर्षं सांगत राहिलं. मे १९९०मध्ये तर कृषिमंत्र्यांनी कॅमेऱ्यांसमोर आपल्या चार वर्षांच्या मुलीला बर्गर भरवायचा घाट घातला. गंमत अशी, की त्याच महिन्यात एडिनबरामध्ये एक लहानसं पथक कामाला लागलं होतं. देशात माणसांमध्ये आढळणारा सीजेडीचा प्रत्येक रुग्ण नोंदवायचा, एवढंच त्याचं काम. सीजेडी हा दहा लाखांत वर्षाला एखाद्याला होणारा मेंदूचा रोग, तोही बहुतेक उतारवयात. म्हणजे वर्षभरात काही डझन रुग्ण, आणि त्यांच्या घरच्यांशी बोलून भरलेले कागद. सहा वर्षं हे चाललं. मग १९९६मध्ये त्याच कागदांतून दहा रुग्ण वेगळे उठून दिसले. वय फार कमी, लक्षणं निराळी, मेंदूच्या ऊतीतलं चित्र आधी कुठेच न दिसलेलं. २० मार्च १९९६ला आरोग्यमंत्र्यांना संसदेत उभं राहून सांगावं लागलं, की या दहा जणांच्या आजाराचा बीएसईशी संबंध असण्याचीच शक्यता सर्वाधिक आहे. ते पथक नसतं तर हे दहा जण वेगवेगळ्या रुग्णालयांतल्या दहा दुर्दैवी कहाण्या म्हणून विरून गेले असते.

हे काम विद्यापीठांनी किंवा कंपन्यांनी का करू नये? काही अंशी ते करतातच. पण अमुक रोगाचा रुग्ण दिसला की कळवायलाच हवं, असं देशातल्या प्रत्येक डॉक्टरला बजावण्याची ताकद फक्त राज्यसंस्थेकडे असते. दुसरं म्हणजे प्रश्नांची निवड. ज्याच्या उत्तरातून विकायला काहीच निघणार नाही, असा प्रश्न कंपनी विचारणार नाही. आणि ज्याचं उत्तर यायला दहा वर्षं लागतील, तो प्रश्न तीन वर्षांच्या अनुदानावर जगणारा प्राध्यापक हाती घेणार नाही.

१९५६मध्ये मद्रासला सुरू झालेल्या क्षयरोग उपचार केंद्राने असाच एक प्रश्न घेतला. आयसीएमआर (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद), मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून ते उभारलं होतं. तोवर क्षयरोग्याला सॅनेटोरियममध्ये हलवायचं, हा जगभरचा रिवाज होता. मोकळी हवा, विश्रांती, सकस अन्न, परिचारिका. क्षयरोगी अमाप, खाटा मूठभर. तेव्हा प्रश्न असा, की गोळ्या आता उपलब्ध आहेत, तर रुग्णाला घरीच ठेवलं तर काय बिघडेल? १९३ रुग्ण घेतले. कोण घरी राहणार आणि कोण सॅनेटोरियममध्ये जाणार, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं, डॉक्टरच्या मर्जीवर सोडलं नाही. घरचे रुग्ण गरीब वस्त्यांतले. एकाच खोलीत अख्खं कुटुंब, खाणं बेताचं, आणि थोडं बरं वाटलं की बरेच जण कामाला जुंपून घ्यायचे. केंद्राची माणसं न कळवता दारात हजर व्हायची, उरलेल्या गोळ्या मोजायची, लघवी तपासून औषध खरोखर पोटात गेलंय का ते पाहायची. वर्षअखेरीस दोन्ही गटांत बरे होणाऱ्यांच्या प्रमाणात किरकोळ फरक निघाला. त्याहून मोठी भीती होती ती घरच्यांना लागण होण्याची, म्हणून त्यांच्यावर पुढे पाच वर्षं नजर ठेवली. घरी उपचार घेणाऱ्यांच्या कुटुंबांत लागण जास्त झाली नव्हती. पहिल्या वर्षाचे निष्कर्ष १९५९मध्येच छापून आले होते आणि सॅनेटोरियमचं युग ओसरायला लागलं. एक जुनी समजूत मोडण्यासाठी गोळ्या मोजत दारोदार फिरायला कोणती कंपनी तयार झाली असती, आणि कशासाठी?

इथवर फारसं कुणाचं दुमत होणार नाही. मोजणी करावी, गरिबाच्या उपयोगाचे प्रश्न घ्यावेत, याला नाही कोण म्हणेल? खरी गोम पुढे आहे. मोजल्यावर जे निघतं ते सरकारला, किंवा सरकारच्या मागे उभ्या असलेल्या कुणाला, अडचणीचं असेल तर?

अशा वेळी संशोधनावर बंदी क्वचितच येते. ते फार ढोबळ होतं. १९९३मध्ये सीडीसीच्या पैशातून झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की घरात बंदूक असेल तर त्या घरात खून होण्याचा धोका वाढतो. बंदूकवाल्यांची संघटना खवळली. १९९६च्या अर्थसंकल्पी कायद्यात अमेरिकी संसदेने एक वाक्य घुसडलं: इजा टाळण्यासाठी दिलेला निधी बंदूक नियंत्रणाचा पुरस्कार करण्यासाठी वापरू नये. संशोधन करू नका, असं त्यात कुठेच म्हटलेलं नव्हतं. फक्त सीडीसीच्या निधीतून २६ लाख डॉलर कापून दुसरीकडे वळवले गेले, आणि आदल्या वर्षी बंदुकीच्या इजांवरच्या संशोधनाला नेमकी तेवढीच रक्कम खर्च झाली होती. ज्यांनी ओळखायचं त्यांनी ओळखलं. वीसेक वर्षं सीडीसीने त्या विषयाला जवळपास हात लावला नाही. ज्या खासदाराच्या नावाने हे कलम ओळखलं जातं, त्यानेच पुढे पश्चात्ताप व्यक्त करून असं संशोधन व्हायला हवं असं लिहिलं. २०२० सालच्या तरतुदीत निधी परत आला, तोवर एक पिढी दुसऱ्या विषयांकडे निघून गेली होती. गळा दाबावा लागत नाही, घसा खाकरून दाखवला तरी पुरतं.

दुसरा मार्ग उशिराचा. कोविडच्या पहिल्या लाटेत आयसीएमआरने भारतातलं पहिलं राष्ट्रीय सेरो सर्वेक्षण, म्हणजे लागण होऊन गेल्याच्या खुणा रक्तात शोधणारी पाहणी, केलं. ११ मे ते ४ जून २०२०, ७० जिल्हे, २८ हजार माणसं. टाळेबंदीच्या दिवसांत एवढी रक्ततपासणी करणं म्हणजे खायचं काम नव्हतं आणि त्या कामगिरीला दाद द्यायलाच हवी. जूनच्या पत्रकार परिषदेत लागण होऊन गेलेल्यांचा एक आकडा सांगितला गेला: ०.७३ टक्के. ऐकणाऱ्याला वाटलं, एक टक्कासुद्धा नाही, बरं झालं. पूर्ण शोधनिबंध आला सप्टेंबरमध्ये. त्यात असं होतं, की मेच्या सुरुवातीलाच अंदाजे ६४ लाख लोकांना लागण होऊन गेली असावी, आणि नोंदलेल्या प्रत्येक रुग्णामागे प्रत्यक्षात ८२ ते १३० जणांना लागण झालेली होती. दोन्ही आकडे त्याच रक्ताच्या नमुन्यांतून आलेले. पण जूनमधला आकडा निश्चिंत करणारा आणि सप्टेंबरमधला झोप उडवणारा. मधल्या तीन महिन्यांत जिल्ह्याजिल्ह्यांत खाटांचे आणि ऑक्सिजनचे निर्णय होत होते. शास्त्रीय छाननीला वेळ लागतो हे मान्य. मात्र त्यासाठी कच्चा मसुदा ‘छाननी बाकी’ असा शिक्का मारून लोकांपुढे ठेवण्याची रीत त्या वर्षी जगभर रुळलीच होती.

त्याच संस्थेची आणखी एक गोष्ट. २ जुलै २०२०ला आयसीएमआरच्या महासंचालकांनी चाचण्या घेणाऱ्या रुग्णालयांना पत्र पाठवलं, की चाचण्या पूर्ण करून १५ ऑगस्टपर्यंत कोव्हॅक्सिन ही कोविडची लस लोकांसाठी आणण्याचा बेत आहे. लशीच्या मानवी चाचण्या तेव्हा जेमतेम सुरू होत होत्या. विषाणूचा वाण संस्थेच्याच प्रयोगशाळेतला, लशीच्या विकासात ती भागीदार, आणि विक्रीवर पाच टक्के स्वामित्वधनाचा (रॉयल्टीचा) करारही झालेला. लस पुढे उपयोगी ठरली, तो वाद इथे नाही. मुद्दा भूमिकेचा आहे. ज्याचा घोडा शर्यतीत आहे त्यालाच अंतिम रेषेवर पंच म्हणून उभं केलं, तर तो प्रामाणिक असला तरी निकालावर कोण विश्वास ठेवेल? राष्ट्रीय संस्थेने लस बनवायला हरकत नाही. मग ती लस तपासायचं काम दुसऱ्याकडे द्यावं.

आता यावर एक वजनदार आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. निवडून आलेलं सरकार लोकांना जबाबदार असतं, शास्त्रज्ञ कुणाला जबाबदार? त्यांना मोकळं सोडलं की ते बरोबरच असतील, असं थोडंच आहे? स्वीडनकडे पाहा. तिथे सरकारी संस्थांच्या कामात मंत्र्याने हात घालायचा नाही, हे राज्यघटनेतच आहे. कोविडमध्ये तिथल्या सार्वजनिक आरोग्य संस्थेने जगापेक्षा वेगळी वाट धरली आणि सरकार तिच्या मागोमाग गेलं. डिसेंबर २०२०मध्ये चौकशी आयोगाने म्हटलं, की वृद्धांचं रक्षण करण्यात देश कमी पडला. २०२२च्या अंतिम अहवालात आणखी नेमका ठपका होता: सरकार एकाच संस्थेच्या मतावर फार विसंबून राहिलं, नेतृत्व त्याने करायला हवं होतं.

मला वाटतं, स्वीडनच्या अनुभवातून स्वातंत्र्य वाईट असा अर्थ काढणं चुकीचं आहे. तिथे दोन वेगळी कामं एकाच खुर्चीत बसली. काय घडतंय हे सांगणं संस्थेचं काम. त्यावर काय करायचं, शाळा बंद ठेवायच्या की उघड्या, पैसा कुठे वळवायचा, हे सरकारचं, आणि त्याचं उत्तरही सरकारनेच द्यायचं. संस्थेने पर्याय मांडावेत, प्रत्येकाची किंमत सांगावी, आणि थांबावं. हे झालं की मंत्र्यालाही ‘तज्ज्ञांनी सांगितलं म्हणून केलं’ या वाक्याआड लपता येत नाही. राजकारण्यांना हा आडोसा फार प्रिय असतो, आणि वेळ आली की तीच संस्था बळीचा बकरा म्हणून पुढे ढकलता येते. ब्रिटनने ऑगस्ट २०२०मध्ये, साथ चालू असतानाच, पब्लिक हेल्थ इंग्लंड ही आपली संस्था मोडीत काढत असल्याचं जाहीर केलं होतं.

माझ्या मांडणीला खरा तडा जातो तो दुसऱ्याच ठिकाणी, टस्कीगीत. १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने अलाबामातल्या सहाशे कृष्णवर्णीय पुरुषांचा अभ्यास केला. त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. पेनिसिलिन हाताशी आल्यावरही ते त्यांना दिलं नाही, कारण रोग आपोआप कुठवर जातो ते ‘पाहायचं’ होतं. अखेरच्या वर्षांत हा अभ्यास सीडीसीच्याच देखरेखीखाली होता. आणि हे गुपचूप चाललेलं नव्हतं! त्यावरचे लेख १९३६पासून वैद्यकीय नियतकालिकांत नियमित छापून येत होते. डॉक्टर ते वाचत होते आणि पान उलटत होते. १९७२मध्ये बातमी वर्तमानपत्रात आली तेव्हा कुठे ते थांबलं. म्हणजे छापण्याचा हक्क पुरेसा नाही. ज्यांच्यावर संशोधन होतं त्यांच्या बाजूने बोलणारी, संस्थेच्या पगारावर नसलेली माणसं आतल्या समितीत हवीत, आणि अहवालाची भाषा तरी अशी हवी की बाहेरच्या माणसाला तो वाचून राग येऊ शकेल. तरीही, ते लेख छापलेलेच नसते तर काय झालं असतं, हा विचार मनातून जात नाही.

एक बारीकसा, पण नेहमी निसटणारा मुद्दा मोजपट्टीचा. भारताच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमधला रक्तक्षय ५३ टक्क्यांवरून पाचव्या फेरीत ५७ टक्क्यांवर गेला. पुढच्या फेरीतून ही तपासणीच वगळली गेली आणि वेगळ्या सर्वेक्षणाकडे सोपवली. दिलेलं कारण शास्त्रीय होतं: बोटाला टोचून काढलेल्या थेंबापेक्षा शिरेतल्या रक्ताची तपासणी जास्त भरवशाची. ते खरंच आहे. पण आकडा वाढल्यावर लगेच मोजपट्टी बदलली, की पुढे घट झाली ती रक्तक्षयात की पद्धतीत, हे कुणालाच सांगता येणार नाही. जुनी आणि नवी पद्धत एका फेरीत शेजारी शेजारी चालवली असती तर खर्च थोडा वाढला असता, शंका मिटली असती. असा आग्रह धरायला संस्थेत कुणीतरी खमकं लागतं, आणि खमक्या माणसाला बदलीची धास्ती नसावी लागते.

म्हणून मला संस्थेच्या इमारतीपेक्षा तिच्या कायद्यात रस आहे. संचालकाची मुदत ठरलेली असावी आणि मुदतीआधी काढायचं तर कारण संसदेपुढे लेखी ठेवावं लागावं. कोणता आकडा कोणत्या तारखेला निघणार, याचं वर्षाचं वेळापत्रक आधीच जाहीर असावं. महागाईचे आकडे असे ठरल्या दिवशी निघतात, त्याने कुणाचं आकाश कोसळत नाही. रोगांचे का निघू नयेत? लोक घाबरतील, हे उत्तर मला पटत नाही. अर्धवट आकड्याने लोक गोंधळतात, पण न सांगितलेल्या आकड्याची जागा अफवा घेते. चुकलं तर पुढच्या अंकात दुरुस्ती छापावी. मंत्रालयाला अंक एक दिवस आधी वाचायला द्यावा, उत्तराची तयारी करण्यापुरता. लाल पेन मात्र देऊ नये.

कायदा नसला, नुसती परंपरा असली, तर काय होतं तेही नुकतंच दिसलं. एड्सची पहिली नोंद छापणारं ते साप्ताहिक १९६१पासून सीडीसीकडून निघतं. जानेवारी २०२५मध्ये वॉशिंग्टनमध्ये सत्ताबदल झाला, आरोग्य खात्याने सगळ्या संस्थांना बाहेर काहीही कळवायला तात्पुरती मनाई केली, आणि २३ जानेवारीचा अंक निघालाच नाही. ३० जानेवारीचाही नाही. तेव्हा अमेरिकेत गायींमध्ये बर्ड फ्लू पसरत होता आणि त्यावरचे लेख रखडल्याच्या बातम्या येत होत्या. ६ फेब्रुवारीला अंक पुन्हा सुरू झाला, त्यातही ते नव्हते. १३ तारखेला त्यातला एक आला. गायी-म्हशींवर उपचार करणाऱ्या १५० पशुवैद्यांचं रक्त सप्टेंबर २०२४मध्येच घेतलेलं होतं. तिघांमध्ये या विषाणूची लागण होऊन गेल्याच्या खुणा सापडल्या. तिघांपैकी कुणालाही आपण आजारी पडल्याचं आठवत नव्हतं, आणि एकाने ज्या राज्यांत काम केलं होतं तिथे एकाही गोठ्यात तो विषाणू असल्याची नोंद नव्हती.